काकूच्या गिलक्याचं बी

आधीच सांगतो, माझं शुद्धलेखन कच्चं आहे. शाळा नववीत सुटली. वेलांटी कुठं पहिली आणि कुठं दुसरी, यात माझा अजून गोंधळ होतो. शब्दही साधेच येतात. चुकलं तर सांभाळून घ्या.

भाजीचा टेम्पो कितीही झाडून रिकामा केला तरी तळाशी काहीतरी उरतंच. चार मिरच्या, मेथीच्या काड्या, एखादा चेपलेला टोमॅटो. आमच्या शनिवारचे किस्से तसेच उरलेत. कोणी मुद्दाम जमवले नाहीत, आपोआप साचले.

आमचा मळा गिरणारे गावाच्या अलीकडे. पूर्वी सगळा माल पंचवटीत लिलावाला जायचा. मग काकूनं, म्हणजे माझ्या चुलतीनं, ठरवलं की शनिवारचा थोडा माल आपणच नेऊन विकायचा. शहरात इंदिरानगरमध्ये एका सोसायटीच्या गेटबाहेर बदामाचं झाड आहे, त्याच्याखाली आम्ही टेम्पो लावायचो. काका मळा बघायचा, काकू बोलायची आणि मी वजन करायचो. आता काकूचे गुडघे दुखतात, म्हणून मी एकटाच जातो. लोक आधी विचारतात, "काकू कशा आहेत?" आणि मग भाजीकडे बघतात. मग कोणीतरी म्हणतं, "आठवतं का रे सागर, काकू त्या दिवशी काय म्हणाल्या होत्या?" आणि अर्धा तास गेला!

मला खरं तर एकच किस्सा सांगायचाय, काकूच्या गिलक्याचा. पुण्याकडे घोसाळं म्हणतात, तेच आमचं गिलकं. आमचं गिलकं आखूड, जाडसर, आणि कढईत टाकलं की शेजारच्या घरात वास जाणारं. बी काकूच्या माहेरचं. माहेरी आता बांधापर्यंत द्राक्षं झाली, तिथं गिलकं राहिलं नाही. म्हणजे ते बी फक्त आमच्या घरात होतं. आणि एका वर्षी तेही घरातून गेलं.

पण आधी माणसं कळायला हवीत.

*

सुरुवातीला काकूनं मला सांगितलं, "तू ओरड. भाजी आलीय ते लोकांना कळायला नको?"

मला चार माणसांत बोलायचं म्हटलं की घाम फुटतो. तरी झाडाखाली उभा राहिलो, डोळे मिटले आणि म्हणालो, "भाजी घ्या, भाजी."

गेटवरचा वॉचमन हळूच जवळ आला आणि म्हणाला, "भैया, फोन पे हो क्या? मैं बाद में आऊँ?"

काकूनं मला मागं सारलं आणि एकच हाक मारली. तिसऱ्या मजल्यावरचं कबूतर उडालं!

*

काकूचा नियम एकच. मळ्यात असेल तेच टेम्पोत येणार. बाजारातून आणून भर घालायची नाही.

एकदा मे महिन्यात सोसायटीतले एक साहेब कारमधूनच म्हणाले, "फ्लॉवर नाही?"

"नाय. फ्लॉवरला सुट्टी हाय."

"सुट्टी?"

"मे महिना हाय साहेब. तुमच्या पोरांना नाय का सुट्टी? मग त्यालापण हाय."

साहेबांनी काच वर केली आणि गाडी थोडी पुढं नेली. मग गाडी मागं आली. काच खाली झाली.

"शाळा कधी सुरू होणार त्याची?"

"दिवाळीनंतर!"

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी ते साहेब खरंच आले. या वेळी गाडीतून उतरून आले आणि म्हणाले, "ॲडमिशन झाली का?"

*

तिसऱ्या मजल्यावर मधुरा वहिनी राहायच्या. त्यांच्या घरात प्लॅस्टिकला बंदी होती. भाजी घ्यायला त्या स्टीलचे डबे घेऊन यायच्या. टोमॅटोला एक, मिरचीला एक, कोथिंबिरीला उभा. डबे आदळायला लागले की लोकांना कळायचं, वहिनी जिना उतरतायत.

वहिनींना आमची भाजी आवडायची, कारण तिच्यात अळ्या निघायच्या. "अळी आहे म्हणजे औषध नाही!" असं त्या सगळ्यांना पटवून द्यायच्या. मात्र एका शनिवारी त्या अगदी गंभीर चेहऱ्यानं आल्या आणि काकूच्या हातात एक छोटा डबा दिला.

"काकू, मागच्या वेळच्या वाटाण्यात ही निघाली. मला मारवेना. तुमच्याच मळ्यातली आहे, तिकडंच सोडा."

काकूनं डबा उघडला. आत एक हिरवी अळी. सोबत वाटाण्याचे चार दाणे, वाटेत खायला!

"अगं बाई, माहेरपणाला आणलीस काय हिला!" काकू म्हणाली आणि तिनं अळी उचलून मेथीच्या ढिगावर ठेवली.

त्या दिवशी मेथी कोणी घेईना. शेवटी सगळ्या जुड्या वहिनींनीच नेल्या.

*

तळमजल्यावर देवरे सर होते. रिटायर झालेले शिक्षक. मूळचे नामपूरचे, त्यामुळे रागावले किंवा खूश झाले की अहिराणीत शिरायचे. बायकोला ते सोसायटीतही अशी हाक मारायचे, की ती शाळेच्या मैदानावरच मारावी.

पावसाच्या तोंडावर आमच्या ओळखीची एक बाई पेठकडून रानभाज्या आणायची, त्यातल्या थोड्या काकू टेम्पोत ठेवायची. रानातलं ते बाजारातलं नाही, म्हणून नियम मोडत नाही, असं ती म्हणायची. एकदा शेवळं आली. काकूनं सरांना सांगितलं, "सर, ह्यात काकडं घालावी लागतात, ही आंबट फळं. नायतर घसा खाजतो."

"ताई, मी खेड्यातला माणूस आहे. मला भाजी शिकवू नका!" सर म्हणाले आणि काकडं तशीच ठेवून गेले. भाजी त्यांनी स्वतःच केली. देवरे बाईंनी फक्त पोळ्या केल्या आणि त्या लोणच्याशी खाल्ल्या.

पुढच्या शनिवारी देवरे बाई एकट्या आल्या.

"सर कुठं?" काकूनं विचारलं.

"घरी. घसा बसलाय. हातानंच बोलतात."

काकूला वाईट वाटलं. "अहो, मी सांगितलं होतं हो त्यांना."

"ते राहू द्या," बाई इकडंतिकडं बघून म्हणाल्या. "शेवळं अजून आहेत का?"

*

दिवाळीनंतरच्या एका रविवारी काकूनं या सगळ्यांना मळ्यात बोलावलं. चुलीवर वांग्याचं भरीत, बाजरीच्या भाकरी, बांधावरच्या कांद्याची पात. लोक चपला काढून मातीत चालत होते आणि एकमेकांना सांगत होते की आपण चपला काढून मातीत चालतोय.

दुधीच्या वेलाखाली वहिनी थांबल्या. बोटाएवढा कोवळा दुधी, टोकाला फूल अजून तसंच. "अय्या, तो बघा!" म्हणून त्यांनी बोट दाखवलं.

"बोट नको!" काकू चुलीपाशून एवढ्या जोरात ओरडली की सरांच्या हातातली भाकरी पडली.

आमच्याकडे कोवळ्या फळाला सरळ बोट दाखवत नाहीत. दाखवलं तर ते कुजतं म्हणतात. दाखवायचंच असेल तर बोट दुमडून दाखवायचं. काकूनं हे समजावल्यावर सगळी मंडळी दिवसभर दुमडलेल्या बोटांनी मळा दाखवत फिरली. वांगी, मिरच्या, विहीर, म्हैस, सगळं! एकानं तर रस्ता विचारणाऱ्या मोटारसायकलवाल्यालासुद्धा दुमडलेल्या बोटानं गिरणारे दाखवलं. तो बिचारा घाबरून निघून गेला.

वहिनींना मात्र चैन पडेना. त्यानंतर दर शनिवारी विचारायच्या, "काकू, तो दुधी गेला का हो माझ्यामुळं?"

शेवटी एका शनिवारी काकूनं पोत्याखालून हातभर लांब दुधी काढला आणि त्यांच्या डब्यांवर आडवा ठेवला.

"घे. तुझाच हाय तो. बोटात काय दम नाय गं तुझ्या!"

*

त्याच रविवारी ते घडलं. पण आम्हाला कळलं जूनमध्ये.

गिलकं बियाला ठेवायचं असलं की काकू वेलावरची चांगली दोन निवडते आणि त्यांना जुन्या लुगड्याची लाल चिंधी बांधते. चिंधी बांधली की त्याला कोणी हात लावायचा नाही. ती वेलावरच वाळतात. मग काढून छपराच्या वाशाला टांगायची. बी आतच राहतं. हलवलं की खुळखुळ्यासारखं वाजतं. पेरायच्या दिवशीच ती फोडायची, अशी काकूच्या माहेरची पद्धत.

जूनमध्ये पाऊस झाला, मांडवाखालची जमीन भुसभुशीत झाली, आणि काकू छपरात गेली. बाहेर आली ती रिकाम्या हातानं.

"वाशाची गिलकी कुठं हायेत?"

काका चहा पीत होता. त्यानं कप खाली ठेवला. "ती ना? ती मी तुझ्या त्या मधुराला दिली. दिवाळीनंतर आले होते ना सगळे, तेव्हा. तिला लय आवडली. अंग घासायला चांगली म्हणाली. मग रिकाम्या हातानं कसं पाठवायचं? वानवळा म्हणून दिली."

"दोन्ही?"

"एक काय द्यायचं?"

"अहो, त्यांना चिंधी बांधली होती!"

"हो ना," काका म्हणाला. "ती मी काढली. पाहुण्यांना काय चिंधी बांधलेलं द्यायचं?"

काकू छपराच्या दारातच बसली आणि रिकाम्या वाशाकडं बघायला लागली. हातात काम नसलेली काकू मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. काकालाही कळलं. त्यानं तो चहा तसाच म्हशीच्या घमेल्यात ओतला.

मी म्हणालो, "मग वहिनींना विचारू. बी असेलच त्यांच्याकडं."

"अजिबात नाय," काकू म्हणाली. "वानवळा दिला, तो परत मागत नसतात. तिच्या दारात जाऊन 'माझं दिलेलं दे' म्हणू? आणि तिला सांगू, की तू माझं बी घेऊन गेलीस? ती पोर अळी मारत नाय. तिला झोप लागंल का?"

दुकानातून पाकिटाचं बी आणू, असं काकानं सुचवून पाहिलं. पाकिटातलं गिलकं हातभर लांब होतं आणि कढईत टाकलं की नुसतं पाणी सुटतं. काकू म्हणाली, "मांडव रिकामा राहिला तरी चालंल."

आणि मांडव रिकामाच राहिला. काकानं बांधलेल्या सुतळ्या वाऱ्यावर नुसत्या हलायच्या.

*

मी काकूचं ऐकलं नाही. म्हणजे थोडंसं ऐकलं.

एका शनिवारी काकू हिशेबात गुंतलेली बघून मी वहिनींच्या भाज्यांचे डबे वर पोहोचवायला गेलो. जिन्यात मनाशी वाक्य घोकलं. मागायचं नाही, फक्त चौकशी करायची.

दार उघडलं. "वहिनी," मी म्हणालो, "ती गिलकी..."

"अरे हो! थांब थांब!" वहिनी आत पळाल्या आणि घासणी घेऊन आल्या. इतकी वापरलेली की तिच्यातून आरपार दिसत होतं. "बघ! दिवाळीपासून एकच वापरतेय! प्लॅस्टिकची लागलीच नाही. काकांना सांग हं."

"आणि... त्यातल्या बिया?"

"त्या ना? सगळ्या कंपोस्टच्या पिंपात टाकल्या!" वहिनींचा चेहरा एकदम उजळला. "काहीसुद्धा वाया घालवलं नाही!"

मी म्हणालो, "छान केलंत."

 खाली आलो तर काकू माझ्याकडं बघत होती.

"मागितलंस?"

"नाही. विचारलं फक्त."

"मग?"

"खतात गेलं."

काकूनं तराजूतली वांगी काढली, परत ठेवली, परत काढली. वजन मीच केलं.

त्यानंतरचे शनिवार नको वाटायचे. श्रावण जवळ आला होता आणि गिऱ्हाईकं विचारायला लागली होती. "काकू, गिलकी कधी?"

"यंदा नाय."

"मग पुढच्या वर्षी?"

फ्लॉवरला सुट्टी देणारी काकू. पण गिलक्याला तिनं सुट्टी दिली नाही. ती म्हणायची, "दोडका घ्या, कोवळा हाय." आणि दुसरीकडं बघायची.

*

आणि मग तो शनिवार आला.

आभाळ गच्च भरलं होतं. आम्ही क्रेट उतरवतच होतो, तेवढ्यात वहिनी आल्या. डबे नाहीत. हातात कुंडी. चेहरा रडवेला.

"काकू, हे काय आहे सांगा हो. मी यंदा माझं खत सगळ्या बिल्डिंगला वाटलं. सगळ्यांच्या कुंड्यांत हे उगवलंय! मोगऱ्यात, तुळशीत, जास्वंदीत, सगळीकडं हेच! आता सगळे मला बोलतायत. वहिनी, तुमच्या खतात तण आहे म्हणून."

काकू वाकली. कुंडीत तुळशीशेजारी तीन-चार रोपं होती, हिरवीगार, खरखरीत पानांची. एकाला वेलाचा बारीक तणावाही फुटला होता, आणि तो तुळशीला धरत होता. काकूनं एक पान चुरगाळलं आणि नाकाशी नेलं. बराच वेळ नाकाशीच ठेवलं.

मीपण ओळखलं होतं. "अगं काकू, हे तर..."

काकूनं माझ्या पायावर पाय दिला. पूर्ण वजन टाकून!

"तण हाय," ती म्हणाली.

"खरंच?"

"लय वाईट तण. कुंडीत ठेवायचंच नाय. पण उपटून कचऱ्यात टाकू नका हां, तिथं परत उगवंल. मुळाला धक्का न लावता, मातीसकट काढा आणि माझ्याकडं द्या. मी मळ्यात नेऊन त्याचा बंदोबस्त करते."

वहिनींनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. पाऊण तासात गेटपासून टेम्पोपर्यंत रांग! कोणी करवंटीत रोप घेऊन आलं, कोणी दह्याच्या डब्यात, कोणी चपलांच्या खोक्यात. एक आजोबा चहाच्या कपात घेऊन आले. फ्लॉवरवाले साहेब कारमधून दोन रोपं घेऊन आले, सीटबेल्ट लावून!

"काकू, हे माझंही तण."

"द्या इकडं. हळू, हळू! माती पाडू नका."

वांग्यांचे क्रेट रिकामे व्हायचे आणि तणानं भरायचे. मी ओल्या पोत्यानं झाकत होतो. काकू एकेक रोप दोन्ही हातांनी घेत होती. कोणी ओटी भरली की बाया पदरात घेतात ना, तसं.

सगळ्यांत शेवटी देवरे सर आले. त्यांच्या कुंडीत दोन रोपं होती. दोन्हींच्या शेजारी काडी रोवलेली आणि सुतळीनं बांधलेली, वेल सरळ वर चढावा म्हणून.

सरांनी काकूकडं बघितलं. काकूनं सरांकडं बघितलं. मी जमिनीकडं बघितलं.

"भलतं खराब तण शे हाई, ताई!" सर म्हणाले.

"हो ना भाऊ," काकू म्हणाली. "लय खराब."

सरांनी एक रोप मातीसकट काढून काकूच्या ओंजळीत दिलं. दुसऱ्याची काडी जरा घट्ट केली, आणि कुंडी उचलून घरी घेऊन गेले.

वहिनींना आता हायसं वाटलं होतं. "काकू, तुम्ही होता म्हणून! पण केवढा त्रास तुम्हाला. भाजी आणायची आणि वर आमचं तण न्यायचं. एवढं कुठं ठेवाल?"

"त्यात काय गं," काकू म्हणाली. तिचा चेहरा असा झाला होता की ती काय बोलतेय याकडं तिचंच लक्ष नव्हतं. "मांडव रिकामाच हाय आमचा."

वहिनींच्या कपाळाला आठी पडली.

"काकू," त्या म्हणाल्या, "तणाला मांडव?"

काकूनं माझ्याकडं बघितलं. मी टेम्पोत चढलो.

"सागऱ्या, चल लवकर," काकू म्हणाली. "ऊन वाढतंय!"

पावसाचा पहिला थेंब काचेवर पडला. वहिनी तिथंच उभ्या होत्या, तुळशीची कुंडी हातात धरून, आमच्याकडं बघत.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिमझिम चालू होती. मी कुदळ घेतली आणि मांडवाखाली रोपांसाठी आळी करायला लागलो.